थरथर कंपवाताची की औषधाची? मेंदूतील ‘डोपामाइन वाहकां’वरून निदानाला दिशा

हात थरथरू लागला, चाल मंदावली की कंपवात म्हणजेच पार्किन्सन जडला, असा समज सर्वत्र रूढ आहे. मात्र हीच लक्षणे काही औषधांमुळेही उद्भवतात आणि औषध थांबवल्यावर बहुतेकांमध्ये ती ओसरतात. कंपवात मात्र आयुष्यभर सोबत राहतो व हळूहळू वाढत जातो. दोन्हींमधील फरक केवळ शारीरिक तपासणीतून स्पष्ट होत नसेल, तर मेंदूतील ‘डोपामाइन वाहक’ या प्रथिनाचे चित्रण उपयोगी पडते.

डोपामाइन हे हालचालींचे नियंत्रण करणारे एक महत्त्वाचे रसायन आहे. मध्यमस्तिष्कातील ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ या गडद रंगाच्या भागातील चेतापेशी ते तयार करतात. या पेशींचे लांब तंतू मेंदूच्या अंतर्भागातील ‘स्ट्रायटम’पर्यंत पोहोचतात आणि तेथे डोपामाइन सोडतात. पुढच्या पेशीवरील ग्राही प्रथिने हा संदेश स्वीकारतात. काम संपल्यावर उरलेले डोपामाइन पुन्हा आत ओढून घेण्याचे कार्य तंतूंच्या टोकांवरील वाहक करतात. साहजिकच, टोके नष्ट झाली की वाहकही नाहीसे होतात.

ब्रिटिश वैद्यक जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. मात्र त्यामागे डोपामाइनची कमतरता असल्याचे १९६० मध्ये व्हिएन्ना येथील ओलेह होर्निकिएविच यांच्या संशोधनातून पुढे आले. त्यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास केला होता. जिवंत रुग्णाच्या मेंदूतील ही हानी पाहण्याची सोय वाहकांच्या चित्रणामुळे झाली.

या चाचणीत वाहकांना चिकटणारे सौम्य किरणोत्सारी द्रव्य शिरेतून दिले जाते. काही तासांनी ‘स्पेक्ट’ कॅमेऱ्याने मेंदूची छायाचित्रे घेतली जातात. निरोगी मेंदूत स्ट्रायटमच्या जागी दोन ठळक स्वल्पविराम दिसतात. कंपवातात वाहकांचा ऱ्हास प्रथम स्ट्रायटमच्या मागील भागात होत असल्याने स्वल्पविरामाची शेपटी पुसली जाते आणि केवळ ठिपका उरतो. सुरुवातीला शरीराच्या ज्या बाजूला लक्षणे अधिक, त्याच्या विरुद्ध बाजूच्या मेंदूत ही घट जास्त आढळते. लक्षणे जाणवू लागतात तोवर तंतूंची साधारण निम्मी किंवा त्याहून अधिक टोके निकामी झालेली असतात. साध्या एमआरआयमध्ये मात्र अशा रुग्णाचा मेंदू बहुधा सामान्यच दिसतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये ‘आयोफ्लुपेन’ या द्रव्याला मान्यता दिली. त्यासाठी लागणारे आयोडिन-१२३ सायक्लोट्रॉनमध्ये तयार करावे लागते. भारतात प्रामुख्याने टेक्नेशियम-९९एमवर आधारित ‘ट्रोडॅट’ वापरले जाते. टेक्नेशियम रुग्णालयातील जनित्रातूनच मिळवता येत असल्याने ही चाचणी तुलनेने सुलभ ठरते.

औषधांमुळे होणारी थरथर या चाचणीत वेगळी का दिसते, याचे उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. मळमळीवरील मेटोक्लोप्रमाइड, पोटाच्या तक्रारींवरील लेव्होसल्पिराइड, चक्कर व अर्धशिशीवरील सिनारिझिन व फ्लुनारिझिन, तसेच मनोविकारांवरील काही औषधे डोपामाइन स्वीकारणाऱ्या ग्राहींना अडवतात. डोपामाइन सोडणारे तंतू आणि त्यांवरील वाहक शाबूत राहतात, त्यामुळे चित्रण सामान्य येते. ‘इसेन्शियल ट्रेमर’ या तुलनेने सौम्य कंपविकारातही ते सामान्यच असते. उलट, अशी औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या चित्रणात घट आढळली, तर सुप्त कंपवात औषधामुळे उघड झाल्याची शक्यता असते.

चाचणीला मर्यादाही आहेत. ‘मल्टिपल सिस्टिम अॅट्रोफी’ व ‘प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी’ या विकारांतही वाहक घटतात, त्यामुळे कंपवात आणि हे विकार यांतील भेद या चित्रणावरून सहसा करता येत नाही. वाढत्या वयानुसारही वाहकांची संख्या हळूहळू कमी होते. बुप्रोपियॉनसारखी काही औषधे अहवालात गफलत करू शकतात. लक्षणे व उपचारांना मिळणारा प्रतिसाद पुरेसा स्पष्ट असल्यास या चाचणीची गरज भासत नाही. कंपवातावर दिले जाणारे लेव्होडोपा डोपामाइनची उणीव भरून काढते, मात्र गेलेले तंतू व वाहक परत आणत नाही.

म्हणूनच चित्रणाआधीची पायरी अधिक महत्त्वाची ठरते. पित्त, चक्कर वा डोकेदुखीसाठी सुरू झालेल्या आणि महिनोन्महिने चालू राहिलेल्या गोळ्यांसह सर्व औषधांची यादी रुग्णाने मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे. कोणतेही औषध मात्र त्यांच्या सल्ल्याशिवाय परस्पर बंद करू नये. थरथरीचे कारण त्या यादीतच सापडले, तर कंपवातावरील अनावश्यक उपचार टळू शकतात.