‘स्मार्ट’ आहे म्हणून राउटर ठरत नाही!

कस्टम्सच्या वर्गीकरणात ‘स्मार्ट’ शब्दाला किंमत नाही. किंमत आहे मुख्य कार्याला. दर-अनुसूचीतील विभाग 16 ची टीप 3 हेच सांगते. वाय-फाय राउटर किंवा स्मार्ट होमचा हब डेटा घेतो आणि पुढे पाठवतो, म्हणून तो उपशीर्ष 8517 62 मध्ये बसतो. वाय-फायवर चालणारा एलईडी बल्ब मात्र शीर्ष 8539 मध्येच राहतो. रेडिओ चिप असली तरी त्याचं काम उजेड देणं.

कुणी म्हणेल, दोन्ही कामं तोलामोलाची असतील तर? मुख्य कार्य ठरतच नसेल, तर वर्गीकरणाच्या सामान्य नियमांपैकी नियम 3(ग) प्रमाणे लागू शीर्षांपैकी क्रमाने शेवटचं घ्यायचं. त्यामुळे आयातदारांनो, खोक्यावरची जाहिरात नव्हे, तांत्रिक माहितीपत्रक वाचा. शंका असल्यास माल मागवण्याआधीच अग्रिम निर्णय मागा.