सेवाग्रामच्या प्राणीगृहातला दिवस

सकाळी ७
प्राणीगृह उघडलं की मी पहिल्यांदा तापमापक बघतो. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो. आत मात्र २२ ते २५ अंशच हवेत. हत्तीरोगावरच्या प्रयोगांसाठी पिंजऱ्यांत जर्ड आहेत, मंगोलियाकडच्या कोरड्या मुलखातले केसाळ शेपटीचे उंदीर. प्रत्येकाचं खाणं, चाल, डोळे रोज पाहायचे. केस पिंजारून कोपऱ्यात बसलेला जर्ड दुखणाईत असतो. त्याची नोंद वहीत सगळ्यात आधी होते.

सकाळी ९
डासांची खोली. दोनएक आठवड्यांपूर्वी या एडिस डासांना हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू असलेलं रक्त पाजलं होतं. आता त्यांच्या अंगात संसर्ग करू शकणाऱ्या अळ्या तयार झाल्या आहेत. त्या वेगळ्या काढून, सूक्ष्मदर्शकाखाली मोजून जर्डच्या पोटात टोचायच्या. तीनेक महिन्यांत तिथे पूर्ण वाढलेले जंतू आणि त्यांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, मिळू लागतात.

सकाळी ११
वर्ध्याच्या रुग्णांत सापडणारा जंतू ‘वुचेरेरिया बँक्रॉफ्टी’. तो उंदरात नीट वाढत नाही. म्हणून इथे त्याचा भाऊबंद ‘ब्रुगिया मलायी’ वापरतात. तोही माणसाला हत्तीरोग देतो. केरळात तो आढळतो. पण जर्डच्या पोटात तो वाढला तरी जर्डला हत्तीपाय होत नाही. त्यामुळे औषध लागू पडलं तर मी एवढंच लिहितो, की जर्डमधल्या ब्रुगियावर ते चाललं. माणसाबद्दलचा निकाल माणसांवरच्या चाचण्यांतूनच लागेल.

दुपारी १
औषधासाठी वनस्पतीचा नवा अर्क आधी काचेच्या बशीत तपासायचा. निर्गुडी आणि बेल यांचे अर्क सेवाग्रामच्या जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी असेच मायक्रोफायलेरियांवर तपासले होते. बशीत जंतूंची वळवळ थांबली नाही, तर तो अर्क प्राण्यापर्यंत न्यायचाच नाही. मायक्रोफायलेरिया जर्डमधूनच येतात, म्हणून बशीतला थेंबही वाया घालवायचा नाही.

दुपारी ४
प्राणी नीतिमत्ता समितीसाठी अर्ज. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, प्रयोगांचे नियम १९९८ चे. अर्जातले मुख्य प्रश्न तीन : प्राण्याशिवाय भागेल का? कमी प्राण्यांत होईल का? वेदना कशी टाळणार? मी याआधी लिहिलेली प्राण्यांची संख्या पुन्हा हिशेब करून कमी करतो.

हा अर्ज सेवाग्रामात भरताना मन जड होतं. गांधीजींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टरांच्या प्राणिहत्येवर कठोर टीका केली आणि १९३६ मध्ये ते याच गावी राहायला आले. समितीच्या शिक्क्याने त्यांचा आक्षेप मिटत नाही. तो मिटू नये, असंच मला वाटतं. तो जागा असेल तरच आमचा हात सावध राहील.

रात्री १०
मायक्रोफायलेरिया बोटाच्या रक्तात रात्रीच उतरतात, म्हणून आरोग्य पथकासोबत गावात रक्त तपासणी. “काकाजी, हत्तीरोगाच्या गोळ्या घेतल्या होत्या ना?” मी विचारतो. “माहा पाय त चांगला हाये, मंग गोयी कायले घेऊ?” पथकातले सगळे या उत्तराला सरावले आहेत. पण जंतू शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहतात. पाय सुजतो फार नंतर, आणि एकदा कातडी जाड झाली की ती पूर्ववत होत नाही. पाय चांगला असतानाच गोळी घ्यायची असते.

त्या गोळीमागे प्राण्यांचे जीव आहेत. डीईसी हे औषध हत्तीरोगाच्या जंतूंच्या भाऊबंदांवर चालतं, हे १९४७ मध्ये कॉटन रॅट आणि कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून कळलं. आयव्हरमेक्टिन या औषधाचा शोध जंत झालेल्या उंदरांवरच्या चाचण्यांतून लागला. त्या शोधासाठी कॅम्बेल आणि ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं. ही औषधं तयार असून न घेणं म्हणजे त्या जिवांची किंमत वाया घालवणं.

म्हणून वाचकांना एकच विनंती. गोळीवाटपाची दरवर्षीची मोहीम आली की गोळ्या उशाखाली ठेवू नका. गर्भवती, दोन वर्षांखालची मुलं आणि गंभीर आजारी सोडून घरातल्या प्रत्येकाने त्या जेवल्यानंतर, आशाताईंसमोरच घ्याव्यात.