‘आवश्यक तेल’ : एका भ्रामक प्रतिशब्दाविषयी

सुगंधोपचारासंबंधीच्या मराठी मजकुरांत व जाहिरातींत अलीकडे ‘आवश्यक तेल’ हा शब्दप्रयोग आढळू लागला आहे. लव्हेंडर, निलगिरी, गवती चहा इत्यादींपासून काढलेल्या सुवासिक द्रवांना उद्देशून तो योजिला जातो. मूळ इंग्रजी संज्ञेतील ‘इसेन्शियल’ या विशेषणाचा कोशात प्रथम दिसणारा अर्थ उचलल्यामुळे हा प्रमाद घडला, हे उघड आहे. येथे त्या विशेषणाचा संबंध आवश्यकतेशी नसून ‘इसेन्स’शी, म्हणजे सत्त्वाशी आहे. युरोपातील किमयागार चार महाभूतांपलीकडील एका सूक्ष्म पाचव्या तत्त्वाचा शोध घेत असत. ऊर्ध्वपातनाने हाती येणाऱ्या द्रवाकडे ते त्याच दृष्टीने पाहत. (भारतीय न्यायशास्त्राने मात्र गंध हा पृथ्वीचा, म्हणजे सर्वांत स्थूल भूताचा, विशेष गुण मानला.)

मराठीला ही कल्पना नवी नाही. ‘अर्क’ हा शब्द अरबीतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ घाम असा आहे. ऊर्ध्वपातनाच्या नळीत जमणारे थेंब पाहून तो रूढ झाला असावा. रुईवाचक संस्कृत ‘अर्क’ अर्थातच निराळा. ‘अत्तर’ हाही अरबी मूळाचाच; परंतु कनौजच्या परंपरागत पद्धतीत फुलांची वाफ चंदनतेलात मुरविली जात असल्याने तो येथे तंतोतंत लागू पडत नाही. गंधयुक्तीवर जुन्या मराठीत लेखनही झाले होते : प. कृ. गोडे यांनी अभ्यासिलेल्या ‘गंधवाद’ या ग्रंथाच्या हस्तलिखितास मराठी टीका आहे.

तथापि विशेषणापेक्षाही विशेष्य अधिक घातक ठरते. ‘तेल’ म्हणजे व्युत्पत्तीने तिळाचा स्नेह. तीळ, खोबरे, करडई यांची तेले स्निग्धाम्लांची बनलेली व स्थिर असतात. सुगंधी द्रवांत मुख्यत्वे टर्पीन वर्गातील बाष्पनशील संयुगे असतात. खोबरेलाचा थेंब कागदावर कायमचा डाग ठेवतो. लव्हेंडरचा बहुतांशी उडून जातो. दिवाळीत अंगभर तेल जिरविणाऱ्या समाजाला ‘तेल’ म्हटले, आणि तेही ‘आवश्यक’, की ते तळहातावर ओतून अंगाला चोळण्याचा मोह स्वाभाविक होय. वास्तविक 100 मिलिलिटर स्थिर तेलात सुमारे 2 मिलिलिटर, एवढेच प्रमाण अंगाला लावण्यासाठी साधारणतः सांगितले जाते. निव्वळ द्रवाने त्वचेचा दाह होतो, आणि हवा लागून जुन्या झालेल्या बाटलीतील लिनालूल व लिमोनीन यांच्या ऑक्सिडीकरणातून ॲलर्जी उत्पन्न करणारे पदार्थ तयार होतात.

या द्रवांचा उपयोग मुळीच नाही, असे नव्हे. फ्रेंच रसायनज्ञ रने-मोरिस गातफोसे यांनी 1937 मध्ये आपल्या ग्रंथाला ‘अरोमातेरापी’ हे नाव दिले, तेव्हापासून या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. वासाने अस्वस्थता काहीशी शमते, असे सुचविणारे प्रयोगही आहेत. मात्र ते बहुधा लहान असतात, आणि त्यांत एक मूलभूत अडचण आहे. खरी गोळी कोणती व खोटी कोणती, हे रुग्णापासून लपविता येते. वास कसा लपवावा? सुखद वास सुखद वाटतो, एवढे निश्चित. त्यापुढे जाऊन रोग बरा करण्याची जी आश्वासने दिली जातात, त्यांना आधार क्षीण आहे.

‘बाष्पनशील तेल’ ही शास्त्रीय संज्ञा अचूक असली तरी व्यवहारात जड वाटते. ‘अर्कतेल’ म्हटल्यास तीव्रतेची सूचना आपोआप मिळते. ‘हा मोठा अर्क आहे’ या वाक्यातील व्यक्तीपासूनही मराठी माणूस थोडा दूरच राहतो. निलगिरीच्या बाटलीवर हा शब्द अधिक शोभेल. तिच्यातील काही मिलिलिटर द्रव पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आल्याच्या नोंदी आहेत.