प्रवेश दिला, पुढे काय?

डहाणू तालुक्यातील कोसबाडची आदिवासी मुले गुरे चारावयास जात; शाळेत येणे त्यांस जमत नसे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी मुलांस दोष न देता शाळाच कुरणात नेली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेचे दार उघडले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समावेशक शिक्षण हे कर्तव्य ठरविले. परंतु फळा न दिसणाऱ्या वा घरी निराळी बोली बोलणाऱ्या मुलास आत बसवून एकाच साच्याचा पाठ देणे, ही समता नव्हे. तोच पाठ ऐकून, हाताळून, स्वतःच्या बोलीत सांगून शिकता यावा, अशी योजना शिक्षकाने आरंभीच केली पाहिजे. मागाहून दिलेली सवलत ही दया होय. आरंभीच केलेली योजना हाच न्याय, असे आमचे स्पष्ट मत आहे.