वऱ्हाडच्या रस्त्यावरचा लॅपटॉप

एसएसडीची स्तुती दुकानात सुरू होते ती वेगापासून, आणि ती खरीच आहे. हार्ड डिस्कला विखुरलेली एखादी नोंद शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. एसएसडी ती त्याच्या शंभराव्या हिश्शात काढून देते. पण वऱ्हाडात ती घ्यावी टिकावासाठी, असे माझे मत आहे. साध्या लॅपटॉपची हार्ड डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते. अडीच इंची चकतीची कड तेव्हा ताशी पासष्टेक किलोमीटर वेगाने पळत असते, जवळपास एसटीच्याच वेगाने, आणि वाचणारे हेड तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर, हवेच्या थरावर तरंगत असते. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड. चालू मशीनला जोरदार दणका बसला, तर हेड चकतीवर आदळते, चुंबकीय थर खरवडतो आणि तिथली माहिती कायमची जाते. परतवाडा, सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला निघालेल्या गाडीत लॅपटॉप उघडून नोंदी भरणाऱ्या आरोग्यसेवकाचा सगळा भरवसा या फटीवर असतो.

एसएसडीत फिरणारे काहीच नाही. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी 1987 साली मांडलेल्या नॅन्ड फ्लॅशवर ती चालते: विद्युतरोधक थरांच्या आड कोंडलेला विद्युतभार म्हणजेच माहिती. कोणी म्हणेल, आता रस्ते सुधारले. अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला, हे खरे. पण मेळघाटातली वळणे आणि गावाकडचे फाटे त्यात येत नाहीत. दुसरी शंका झिजेची, कारण फ्लॅशच्या पेशी ठरावीक वेळाच लिहिता येतात. मात्र 500 जीबीच्या चांगल्या ड्राइव्हला 300 टेराबाइट लेखनाची हमी असते. रोज 20 जीबी लिहिले, तरी ती संपायला चाळीस वर्षे लागतील.

खरा आक्षेप उन्हाचा आहे आणि तो गंभीर आहे. चालू मशीनपुरता विचार केला तर एसएसडीच उजवी: ती साधारण 70 अंशांपर्यंत काम करते, हार्ड डिस्कची मर्यादा बहुधा 60. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा हा फरक मोलाचा. पण बंद पडून राहिलेल्या ड्राइव्हमधला भार हळूहळू गळतो आणि उष्णतेने लवकर गळतो. पूर्ण झिजलेल्या घरगुती ड्राइव्हने वीज नसताना 30 अंशांत वर्षभर माहिती सांभाळावी, एवढीच मानकाची अपेक्षा आहे. नव्या ड्राइव्हला भीती नाही. जुनी, खूप वापरलेली असेल तर विदर्भातल्या शाळांच्या लांब उन्हाळी सुटीत, टिनाच्या छपराखालच्या खोलीत तिला तशीच कोंडून ठेवू नये. कुलूप लावण्याआधी नोंदींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढावी. कपाटात निवांत पडून माहिती राखण्याचे काम ती चकती अजूनही चोख करते.