जुन्या मोटारीचे ब्रेक

आमच्या घरीं १९३० सालची फोर्ड 'मॉडेल ए' मोटार आहे. आजोबांनीं ती घेतली, वडिलांनीं सांभाळली आणि आतां घरांतील तरुण मंडळींचा तिच्यावर डोळा आहे. गतवर्षीं एक घाट उतरतांना पुढें म्हैस आडवी आली. पायाखालचें पेडल तळाला टेकलें, तरी गाडी थांबेना! हातब्रेक ओढून आम्ही ती कशीबशी कडेच्या मुरुमांत घातली. कोणास इजा झाली नाहीं, ही ईश्वरकृपा. त्या रात्रीं माजघरांत मोठा वाद झाला. वडील म्हणाले, मूळ वस्तूस हात लावूं नये. चिरंजीव म्हणाले, सारें काढून हायड्रॉलिक ब्रेक बसवावे. या वादांतून आम्ही जें शिकलों, तें ज्यांच्या दारीं अशी जुनी गाडी आहे त्यांच्या उपयोगी पडावें, म्हणून येथें देत आहों.

आधींच्या 'मॉडेल टी'चा पायाचा ब्रेक चाकांवर नव्हे, तर गिअरच्या पेटींतील एका पट्ट्यावर चाले. त्या मानानें 'मॉडेल ए'चे चारही चाकांवरील ब्रेक ही मोठीच सुधारणा होती. चाकाबरोबर ११ इंच व्यासाचा ड्रम फिरतो. पेडलचा जोर लोखंडी गजांच्या द्वारें आंतील ब्रेकशूंपर्यंत पोंचतो व ते ड्रमला आंतून घासतात. हायड्रॉलिक ब्रेक तेव्हां अज्ञात होते असें नाहीं. अमेरिकेंत ड्यूसेनबर्गनें ते १९२१ सालीं व क्रायस्लरनें १९२४ सालीं दिले. फोर्डनें मात्र आपल्या गाड्यांत ते १९३९ सालीं आणले.

मग आमची गाडी कां थांबली नाहीं? चाकें खोलल्यावर दोन कारणें सांपडलीं. पहिलें, गजांच्या सांध्यांतील पिना झिजल्या होत्या. प्रत्येक सांध्यांत केसभर ढिलाई असली, तरी सर्वांची बेरीज होऊन पेडलची निम्मी चाल वायां जाते. दुसरें कारण ड्रमचें. मूळचे ड्रम दाबून घडविलेल्या पातळ पोलादी पत्र्याचे असतात. उतारावर ते तापून फुगतात आणि ब्रेकशूपासून दूर सरकतात. म्हणजे ऐन गरजेच्या वेळीं पेडल खालीं जातें. वेग दुप्पट झाला कीं थांबतांना उष्णता चौपट निर्माण होते, हेंहि येथें ध्यानांत घ्यावें.

यावरून उपायांचा क्रम आपोआप ठरला. प्रथम सर्व पिना व त्यांचीं झिजलेलीं भोंकें दुरुस्त केलीं. नंतर पत्र्याच्या ड्रमांच्या जागीं बिडाचे जाड ड्रम बसविले. ते उष्णता अधिक सामावून घेतात व सहसा वांकत नाहींत. नवीं अस्तरें ड्रमच्या गोलाईशीं जुळवून घांसून घेतलीं. गजांची लांबी कमीजास्त करून ब्रेक आवळण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो टाळून प्रत्येक चाकावरील पाचरीच्या स्क्रूनेंच तें काम करावें. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुंकून किंवा कोरड्या ब्रशानें कदापि झाडूं नये.

हायड्रॉलिक ब्रेकांचा पक्षहि दुबळा नाहीं. बंद नळींतील तेलाचा दाब सर्वत्र सारखा पोंचतो, त्यामुळें चाकाचाकांतील जोर जुळविण्याची कटकट वाचते. परंतु एकाच नळीमार्गाची जुनी रचना असेल, तर एका ठिकाणच्या गळतीनें चारही ब्रेक जातात. म्हणून ते बसवावयाचेच असतील, तर पुढच्या व मागच्या चाकांचे मार्ग निराळे असावे आणि हातब्रेक स्वतंत्र राहावा. सांगाड्यास नवीं भोंकें न पाडतां काम होत असेल तर उत्तम. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून जपून ठेवावा.

कितीहि सुधारणा केली, तरी गाडी अखेर टायरच्या पकडीनेंच थांबते, आणि आमच्या गाडीचे टायर जेमतेम पावणेपांच इंच रुंद आहेत. यास्तव आम्ही पुढच्या वाहनापासून दुणें अंतर ठेवतों व घाट लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालतों. कारण या गाडींत तो उतारावर सहजासहजीं पडत नाहीं.

काम पुरें झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशीं २० मैलांच्या वेगानें परीक्षा घेतली. गाडी कोणत्याहि बाजूस न ओढतां सरळ थांबली. वडील मागच्या आसनावर होते. ते म्हणाले, "गाडी आपली असली, तरी रस्ता चारचौघांचा आहे. हें मला आधींच सुचावयास हवें होतें." दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं किल्ली चिरंजीवांच्या हातीं दिली. जुने ड्रम मात्र फडक्यांत बांधून त्यांनीं स्वतः माळ्यावर ठेवले आहेत.