यंत्र हाती येण्यापूर्वी : क्रॉस कंपायलर आणि आभासी संगणक

विजेचा मीटर, एसटी वाहकाच्या हातातील तिकीट यंत्र, दूध संकलन केंद्रावरील फॅट मोजणारे उपकरण, घरातील वॉशिंग मशीन या सर्वांच्या अंतरंगात एक छोटा संगणक अखंड काम करीत असतो. नेमून दिलेले एकच काम तो करतो. यंत्रातच अंतर्भूत असलेल्या अशा संगणकास ‘एम्बेडेड’ संगणक म्हणतात. त्याच्यासाठी आज्ञावली लिहिणे हे आज एक मोठे व्यवसायक्षेत्र आहे. मात्र या क्षेत्रात शिरण्यासाठी महागडी उपकरणे आणि सुसज्ज प्रयोगशाळा हवीच, असा समज पालकांत आणि विद्यार्थ्यांत आढळतो. निदान आरंभासाठी तरी तो खरा नाही, हे आम्ही येथे स्पष्ट करू इच्छितो.

माणूस ‘सी’सारख्या भाषेत आज्ञावली लिहितो, प्रोसेसरला मात्र केवळ स्वतःची यंत्रभाषा कळते. या दोहोंमधील भाषांतर करणारी आज्ञावली म्हणजे कंपायलर. टेबलावरील संगणकात बहुधा इंटेल वा एएमडीचा प्रोसेसर असतो, तर छोट्या उपकरणांत बहुतेक वेळा आर्म कुळातला. दोघांच्या यंत्रभाषा भिन्न असल्याने एकासाठी सिद्ध केलेली आज्ञावली दुसऱ्यावर थेट चालत नाही. शिवाय छोट्या उपकरणाची स्मृती अनेकदा इतकी तोकडी असते, की त्यात कंपायलर मावतच नाही. म्हणून मोठ्या संगणकावर चालणारा, पण छोट्याची यंत्रभाषा निर्माण करणारा कंपायलर वापरावा लागतो. हाच क्रॉस कंपायलर.

ही कल्पना जुनी आहे. १९७५ साली अमेरिकेत ‘अल्टेअर ८८००’ हा छोटा संगणक बाजारात आला, तेव्हा पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांनी त्याच्यासाठी ‘बेसिक’ ही भाषा तयार करण्याचे ठरविले. त्यांच्याजवळ अल्टेअर नव्हता. ॲलन यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर, अल्टेअरमधील ८०८० या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली लिहिली आणि त्या नकलेवरच ‘बेसिक’ची पारख झाली. पुढे ॲलन विमानाने अल्बुकर्कला गेले. खऱ्या अल्टेअरला दोन अधिक दोन किती असे विचारताच त्याने चार हे उत्तर दिले. न पाहिलेल्या यंत्रासाठी केलेले काम यंत्रावर उतरले होते.

क्रॉस कंपायलर स्वतः घडविणे मात्र किचकट असते. नेहमी लागणाऱ्या आज्ञांचा संच, म्हणजे लायब्ररी, तयार करण्यास कंपायलर हवा आणि कंपायलर पूर्णत्वास नेण्यास लायब्ररी हवी. म्हणून आधी अर्धा कंपायलर, मग लायब्ररी, मग पूर्ण कंपायलर असा क्रम पाळावा लागतो. घटकांच्या आवृत्त्या परस्परांशी जुळल्या नाहीत, तर तासन्‌तास केलेली मेहनत वाया जाते. यासाठीच तज्ज्ञांनी आधीच घडवून, तपासून ठेवलेले क्रॉस कंपायलर विनामूल्य उपलब्ध असतात. ते उतरवून घ्यावेत, उलगडावेत आणि वापरावेत. विश्वासार्ह ठिकाणाहूनच ते घ्यावेत, एवढी दक्षता पुरे.

आज्ञावली तयार झाली, पण ती चालवावी कशावर? येथे आभासी संगणक उपयोगी पडतो. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘क्यूएमू’ ही आज्ञावली आर्मसारख्या प्रोसेसरच्या आज्ञा आपल्या संगणकाच्या भाषेत तत्क्षणी रूपांतरित करते. तिला ‘सिस्टिम इमेज’ द्यावी लागते. लिनक्सचा गाभा आणि आवश्यक फाइली यांचा तो सिद्ध संच होय. काही क्षणांतच आपल्या संगणकाच्या एका चौकटीत आर्मचा संगणक सुरू होतो. त्यात चूक झाली तरी काही जळत नाही. इमेजची मूळ प्रत पुन्हा घेतली की सर्व पूर्ववत होते.

या दोन साधनांचा सुरेख मेळ रॉब लँडली यांच्या ‘ॲबओरिजिनल लिनक्स’ या प्रकल्पात आढळतो. अनेक आज्ञावल्या घडविल्या जात असताना, ज्या यंत्रावर त्या घडतात त्याचीच चौकशी करतात. त्यामुळे क्रॉस कंपायलर वापरताना मोठ्या संगणकाची उत्तरे छोट्याच्या नावे नोंदली जाण्याचा धोका असतो. आभासी यंत्राच्या आतच बांधणी केली तर हा धोका टळतो, पण काम संथ होते. लँडली यांनी चौकशी आभासी यंत्रात ठेवली आणि भाषांतराचे जड काम बाहेरच्या क्रॉस कंपायलरकडे सोपविले. स्वतःला पुन्हा घडवू शकणाऱ्या छोट्यात छोट्या लिनक्स प्रणालीस लिनक्सचा गाभा, जीसीसी, बिनयुटिल्स, मेक, बॅश, यूसीलिबसी आणि बिझीबॉक्स हे ७ घटक पुरतात, असे त्यांनी दाखवून दिले. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. कारण ७ घटकांची प्रणाली एका व्यक्तीला मुळापासून समजून घेता येते.

आभासी यंत्राच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. सैल झालेली तार, तापलेली चिप, सेन्सरचे चुकीचे मोजमाप यांचा अनुभव ते देत नाही. काटेकोर वेळेची परीक्षाही त्यावर होत नाही. अखेरची कसोटी प्रत्यक्ष उपकरणावरच लागते. परंतु तोवरचा बराचसा अभ्यास त्याविना होऊ शकतो.

आज आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे ‘वेगा’ हे भारतात रचलेले प्रोसेसर ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या आज्ञासंचावर उभे आहेत. जीसीसी आणि क्यूएमू या दोहोंनाही तो आज्ञासंच परिचित आहे. म्हणजे उद्याच्या यंत्रांसाठीची साधने वसतिगृहातील एखाद्या जुन्या संगणकावरही आज मांडता येतील. उणीव आहे ती पहिली पायरी दाखविणाऱ्याची. या क्षेत्रात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीतील दोन दिवस जरी येथील मुलामुलींसाठी दिले, तरी ती उणीव भरून निघेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.